रसायनवाली आणि जंतूवाला

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा माझी समजूत अशी होती की आता आपल्याला एक टेबल, एक कपाट आणि हवं तेवढं काचसामान मिळणार, आणि पुढची काही वर्षं आपल्याला कुणी हात लावणार नाही. एम.एस्सी.ला मला रसायनशास्त्राची नुसती आवड नव्हती, गर्व होता. भौतिकवाले आकडे मोडतात, जीवशास्त्रवाले चित्रं काढतात, खरं काम आपण करतो, अशी आमच्या वर्गाची ठाम श्रद्धा होती.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात मॅडम माझ्या मार्गदर्शक. कॉटनची साडी, वर पांढरा कोट, आणि बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी मी नवीन वही, नवीन पेन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं टेबल वरच्या मजल्यावर आहे."

वरचा मजला म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. मला वाटलं, खाली जागा नसेल.

"जागा आहे," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्याकडच्या प्रत्येकानं पहिले काही महिने दुसऱ्या विषयाच्या प्रयोगशाळेत काढायचे. वरचे सर त्यांचा एक विद्यार्थी खाली पाठवतात, मी माझा वर पाठवते. नंतर तुम्ही दोघं मिळून एक प्रश्न घ्यायचा. जमलं नाही तर सांग, दुसरीकडे चिठ्ठी देते."

जमणार नाही असं सांगायची माझी छाती नव्हती. वही उचलली आणि जिना चढले. अर्ध्या जिन्यात वरून एक उंच, काळासावळा मुलगा खाली येताना भेटला. त्याच्याही हातात नवीन वही होती आणि चेहऱ्यावर माझ्यासारखाच भाव होता. त्यानं विचारलं, "तू खालची काय?"

"हो. तू वरचा?"

"आता खालचा," तो म्हणाला आणि एवढं वाईट तोंड केलं की मला हसू आलं.

तो पूर्वेकडचा, दुष्काळी भागातला. घरची मेंढरं. वडील आणि थोरला भाऊ दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाकडे उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी जायचे. त्यांच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला हा पहिलाच. मी कडेगाव तालुक्यातली. आमचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. आमच्या दोघांच्या गावांमध्ये एसटीनं काही तासांचं अंतर असेल, पण त्याच्या गावाला पाणी टँकरनं यायचं आणि आमच्या गावात पाटाचं पाणी जास्त झालं म्हणून भांडणं व्हायची.

त्या पहिल्या महिन्यांत मी वर जेवढी रडले तेवढी नंतर कधी रडले नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हीच मला त्यांची मोठी बदमाशी वाटायची. तारेचं वेटोळं ज्योतीत लाल करायचं, निवू द्यायचं, एका प्लेटवरचे जंतू उचलून दुसऱ्या प्लेटवर ओढायचे. ऐकायला सोपं. माझ्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी भलतीच काळी बुरशी उगवायची. वरचे सर मोठे शांत गृहस्थ. ते प्लेट उजेडात धरून म्हणायचे, "छान उगवलंय. फक्त आपण लावलं होतं ते नाही."

त्यांची एक सवय मात्र माझ्या हाताला कायमची लागली. कुठलाही प्रयोग असो, एक प्लेट कोरी ठेवायची. तिच्यावर काही लावायचं नाही, पण बाकी सगळं इतर प्लेटांसारखंच करायचं. कोऱ्या प्लेटवर काही उगवलं तर समजायचं की घोटाळा आपल्या कामात आहे.

तिकडे खाली तो काचसामान फोडत होता. ब्युरेट लावताना तिची तोटी त्याच्या हातात यायची. आम्ही दोघं संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर कागदाच्या पुडीतलं भडंग खात एकमेकांना दिवसभरातल्या फजित्या सांगायचो. तिथंच आमची नावं पडली. मी त्याला जंतूवाला म्हणायची, तो मला रसायनवाली. पुढं सगळा विभाग आम्हाला तसंच हाक मारू लागला, इतकं की ऑफिसातला शिपाईसुद्धा विचारायचा, "जंतूवाले साहेब आले का?"

प्रश्नही त्या पायऱ्यांवरच सापडला. त्याच्या घरी लोकर पडून होती. पूर्वी घोंगड्यांसाठी तिला मागणी असायची. आता घोंगडी कोण घेतं? कातरणी झाली की लोकर बांधावर टाकून देतात, असं तो म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज जरा उतरला. आणि मी त्याच आठवड्यात मॅडमबरोबर एका द्राक्षबागेत जाऊन आले होते. द्राक्षांवर मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण फवारतात. फवारणीनंतर टाकी धुतात ते निळसर पाणी बागेच्या कोपऱ्यात सोडलेलं मी बघितलं होतं. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. वर्षानुवर्षं ते तांबं एकाच कोपऱ्यात मुरतं.

"लोकर तांबं धरते," मी म्हणाले. हे मी पुस्तकात वाचलं होतं.

"कच्ची लोकर काही धरत नाही," तो म्हणाला. "तिला मेणासारखी चरबी असते. मेंढरू पावसात भिजत नाही ते कशामुळं? आधी ती चरबी काढायला पाहिजे."

"सोडा आणि गरम पाण्यानं धुऊ."

"आमच्याकडं प्यायला पाणी नाही आणि तू लोकर धुणार?"

मग तोच जरा वेळानं म्हणाला, चरबी खाणारे जंतू असतात. सापडले तर ते काम पाण्याशिवाय नाही, पण थोडक्या पाण्यात करतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅडमसमोर आणि सरांसमोर उभे. त्याचे जंतू चरबी खाणार, माझी लोकर तांबं धरणार. मॅडमनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "लोकरीचा वास येईल."

"येऊ दे," मॅडम म्हणाल्या.

वास आला. मेंढीच्या कच्च्या लोकरीचा वास कपड्यांना, केसांना, डब्यातल्या चपातीला लागायचा. हॉस्टेलच्या खोलीतल्या मुलींनी माझी चप्पल दाराबाहेर काढली. पण पहिलं वर्ष मोठं आनंदात गेलं. त्यानं आपल्याच गावच्या मेंढवाड्यातल्या मातीतून जंतू शोधून काढले. ते चरबी खाऊ लागले. धुतलेली लोकर मी निळ्या पाण्यात टाकायची आणि पाणी फिकं होत जाताना बघत बसायची. त्या फिक्या होत जाणाऱ्या पाण्याइतकं सुंदर काही मी तोवर बघितलं नव्हतं. शनिवारच्या बैठकीत मॅडमचा नियम असा की मी जंतूंबद्दल बोलायचं आणि त्यानं तांब्याबद्दल. चुकलं की दोन्ही मजले हसायचे. आता आठवतं ते त्या हसण्यातलं प्रेम. तेव्हा कानशिलं तापायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. कळप रस्ता ओलांडत असताना त्याच्या भावाला एका गाडीनं उडवलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात पायाचं ऑपरेशन झालं होतं. भाऊ वाचला, पण आता बरेच महिने अंथरुणात. वडील एकटे, वय झालेलं, आणि कळप रस्त्यावर.

"मला जायला लागणार," तो म्हणाला. "मेंढरं थांबत नाहीत."

"किती दिवस?"

"पाऊस पडेपर्यंत."

तो पुढं म्हणाला, "जंतू तुझ्याकडं. दर आठवड्याला नव्या प्लेटवर घे. नाहीतर मरतील. ते मेले तर पुन्हा पहिल्यापासून."

"मला नाही जमणार. माझ्या हाताखाली बुरशी उगवते."

"मला तरी मेंढरं राखायला कुठं जमतंय? लहानपणी सोडलंय ते." तो कसंनुसं हसला. "रोज फोन करतो. तू मला विचार, मी तुला सांगतो."

सरांनी त्याला परवानगी दिली. एवढंच म्हणाले, "तिकडे रानातही डोळे उघडे ठेव."

मग सुरू झाली आमची ती अजब शिकवणी. सकाळी मी ज्योतीसमोर बसायची, फोन स्पीकरवर टेबलाच्या कडेला. पलीकडून मेंढरांचं बेंबटणं, वडिलांची हाळी, कुत्र्याचं भुंकणं, आणि मध्येच त्याचा आवाज: "तार निवली का? मग घाई करू नकोस. झाकण पूर्ण उघडू नकोस, वाकडं कर नुसतं... हुर्रर्र, हिकडं गं... तुला नाही म्हणालो, मेंढीला म्हणालो." त्याच्या रेंजचा काही भरवसा नसायचा. कधी तो टेकाडावर चढून बोलायचा, आणि मेंढरं तोवर कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरायची.

हळूहळू माझा हात बसला. बुरशी उगवायची थांबली. पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी मी ओढल्या तशाच्या तशा उमटायला लागल्या. एके दिवशी सरांनी प्लेट उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि न बोलता परत दिली. त्या दिवशी मी एकटीच पायऱ्यांवर बसून भडंग खाल्लं.

संक्रांतीनंतर कातरणी झाली. जुनी लोकर संपत आली होती, म्हणून त्यानं नवी लोकर कापडी पिशवीत भरून एसटीनं सांगलीला पाठवली. मी स्टँडवर जाऊन पिशवी घेतली. आणि तिथून आमचं सगळं बिघडलं.

नव्या लोकरीवर जंतू सोडले, ते मेले. पुन्हा सोडले, पुन्हा मेले. प्लेटवर चांगले वाढणारे जंतू लोकरीवर गेले की संपायचे. मी फोनवर सांगितलं तर तो एकदम चिडला.

"तू काहीतरी गरम टाकलंस. किंवा साबण राहिला असेल भांड्याला."

"साबण नाही राहिला."

"मग माझे जंतू उगाच मरतील? वर्षभर सांभाळलेत मी."

"तू सांभाळलेस? गेले तीन-चार महिने कोण सांभाळतंय?"

पलीकडून नुसती मेंढरं ऐकू आली. मग फोन बंद झाला. पुढचे काही दिवस त्याचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. सकाळी ज्योत पेटवली की टेबलाची ती कड मोकळी दिसायची.

जंतूंचं जमेना म्हणून मी खाली आले. नवी लोकर सोड्यानंच धुतली, निळ्या पाण्यात टाकली. पाणी फिकं होईना. जुनी लोकर जिथं ग्लासभर पाणी निवळायची, तिथं ही नवी लोकर नुसती ढिम्म बसून राहायची. आता मला भीती वाटली. जंतू त्याचे होते, त्यांचा दोष त्याच्यावर किंवा माझ्या हातावर ढकलता आला असता. लोकर तर माझी बाजू होती.

एका सकाळी प्लेटा लावताना मी सवयीनं एक कोरी बाजूला ठेवली आणि तशीच थांबले. खाली येऊन नव्या लोकरीचा एक झुबका घेतला. त्याला निळं पाणी दाखवलंच नाही. नुसता आम्लात भिजवला, ते आम्ल गाळून घेतलं आणि त्यात अमोनिया घातला. तांबं असेल तर अमोनियानं गडद निळा रंग येतो. हे अकरावीतलं पोरही सांगेल. माझ्या हातातल्या नळीत तांबं असायचं काही कारण नव्हतं.

नळी निळी झाली.

मी नळी घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. "काच पुन्हा धू आणि पुन्हा कर."

पुन्हा केलं, पुन्हा निळी. जुन्या लोकरीचं केलं, ती स्वच्छ. म्हणजे काच चांगली होती. लोकर आमच्याकडे यायच्या आधीच तांबं पिऊन आली होती. म्हणून तर आणखी धरत नव्हती. सरांना सांगायला वर निघाले, आणि जिन्यातच मला दुसरी गोष्ट उमगली. तांबं म्हणजे बुरशी मारायलाच बागेत फवारतात ते. जंतूंनाही ते सोसत नाही. खालच्या मजल्यावरचं अपयश आणि वरच्या मजल्यावरचं अपयश एकच होतं. मी फक्त खाली राहिले असते तर म्हटलं असतं, लोकर खराब. तो फक्त वर राहिला असता तर म्हटला असता, जंतू खराब. मी जिन्यातच खाली बसले आणि त्याला फोन लावला.

"तुझ्या लोकरीत तांबं आहे," मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

तो म्हणाला, "आमच्या मेंढरांत तांबं कुठनं येणार? अगं, मेंढराला तांबं सोसत नाही. आमचे वडील बागेच्या बांधालासुद्धा कळप जाऊ देत नाहीत."

"ते मला माहीत नाही. पण नळी निळी झाली. आणि तुझे जंतू त्यानंच मेलेत. माझ्या हातानं नाही."

"बरं," तो म्हणाला. मग हळूच, "मी तसं बोलायला नको होतं."

"नको होतंस," मी म्हणाले. पण मला एवढं हलकं वाटत होतं की तेवढ्यावरच भागलं.

तांबं आलं कुठून, हे मात्र कळत नव्हतं. आम्ही रोज फोनवर तर्क लढवत होतो. पाण्यातून? चाऱ्यातून? कातरीतून? कातर लोखंडाची, तो म्हणाला.

त्यानंतर शिमग्याच्या आधी आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. आबा फोनवर खुशाली विचारत नाहीत, बातमी देतात.

"औंदा वरच्या रानात मेंढरं बशिवलीत," आबा म्हणाले. ऊस तुटला की मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभर बसली की लेंडीखत फुकट मिळतं. "मेंढकं पूर्वंकडचं हाय. म्हातारा लय भला मानूस. पर त्याचं पोरगं जरा डोक्यानं हललंय असं वाटतंय."

"का हो?"

"सकाळच्या पारी टेकाडावर चढतंय, फोन कानाला लावतंय आन् विंग्रजीत बोलतंय. काय तर ब्याक्टेरिया, कॉपर, कंट्रोल. मी म्हनलं, आर्मीत वायरलेसवर बोलत्यात तसं बोलतंय. कुणासंगं बोलतंय कुनास ठावं. एकटंच हसतंय बी."

कळप आज कुणाच्या रानात आहे हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि रान आमचं आहे हे त्यालाही ठाऊक नसणार. "आबा," मी म्हणाले, "तो माझ्याशीच बोलतोय."

मी घाईघाईनं सगळं सांगितलं: तो माझ्याबरोबर शिकतो, भावाचा पाय मोडला, म्हणून आलाय. शेवटी आबा एवढंच म्हणाले, "मग त्येला आजून जेवाय का न्हाई बोलावलं आपन? आईला सांगतो. तू ये."

मी शिमग्याला घरी पोचले तेव्हा आमच्या रानातल्या बाभळीखाली दोन्ही वडील समोरासमोर बसले होते. आबा पांढऱ्या बनियनवर, त्याचे वडील लाल पटक्यात. आईनं पुरणपोळ्यांची दुरडी पाठवली होती. तो कळपाच्या कडेला उभा होता. चांगलाच रापलेला, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. क्षणभर मी ओळखलंच नाही. त्यानं मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "प्लेटा बदलल्यास का येताना?"

"बदलल्या," मी म्हणाले.

त्याच्या वडिलांना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला निरखून बघितलं. "तूच व्हय ती फोनवाली? आवं सुबेदार, ह्यो सकाळी उठतो तवा आदी मेंढरं बघत न्हाई, फोन बघतो. म्या म्हनलं, पोरगं लग्नाला आलं वाटतंय. तर म्हनतोय, दादा, जंतूंचं इचारायचंय."

आबा मोठ्यानं हसले. आमच्या दोघांच्या माना खाली.

त्या सकाळीच कळप रानाच्या दुसऱ्या टोकाला हलवला होता, तेव्हा घोड्यावरचं सामान उतरवायचं राहिलंय म्हणून म्हातारे उठले. मेंढपाळांचं घर घोड्याच्या पाठीवर असतं: भांडी, अंथरुणं, कोकरांची जाळी. आम्ही दोघं हात लावायला गेलो. अंथरुणाखाली लोकरीची दोन पोती होती. तो ती सवयीनं उचलून बाजूला टाकत होता. रोज हाताखालून जाणारी वस्तू, तिच्याकडे कोण बघतं? मी मात्र पहिल्यांदाच बघत होते. पोत्यावर पुसट अक्षरं होती. मी पोतं उन्हात ओढलं. शिवणीच्या दुमडीत निळसर भुकटी बसलेली होती.

"हे पोतं कुणाचं?" मी विचारलं.

"कातरनीच्या टायमाला त्या बागवाल्यानं दिल्याली," त्याचे वडील म्हणाले. "त्याच्या मोकळ्या रानात बसलो हुतो की. चांगली घट हायत म्हून घ्येतली."

"तू कुठं होतास तेव्हा?" मी त्याला विचारलं.

"मिरजेला. भावाच्या पायाचा पुन्हा एक्स-रे काढायचा होता." तो पोत्यासमोर उकिडवा बसला. शिवण उलगडून बोटानं भुकटी उचलली, उजेडात धरली, आमच्या सरांसारखी. "मोरचुदाची पोती," तो म्हणाला. "तुझी पिशवी मी ह्यातूनच भरली होती. दवानं ओली झाली असणार. कातरणीआधी मेंढरं नदीत धुतात, चरबी कमी झालेल्या लोकरीनं सगळं ओढून घेतलं."

मग आम्ही दोघं हसायला लागलो ते थांबेचना. ज्या कामासाठी आम्ही दोन वर्षं घाम गाळत होतो, तेच काम लोकरीनं घोड्याच्या पाठीवर, कुणाला न विचारता, करून टाकलं होतं. आबांना वाटलं, दोघंही डोक्यानं हलली.

पण त्याचे वडील हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "ते इख हाय व्हय? मेंढरं चाटली असती तर?" आम्ही समजावून सांगेपर्यंत त्यांचा चेहरा काळवंडला होता. मोरचूद मेंढराला वाईट हे ते जाणून होते, पोत्यावरची अक्षरं मात्र त्यांना वाचता येत नव्हती. जाताना बागवाल्याकडे परत देऊ म्हणून त्यांनी ती पोती कळपापासून लांब, दगडाखाली दाबून ठेवली. संध्याकाळी एकेका मेंढीचं तोंड उचलून ते बघत होते. आबाही त्यांच्याबरोबर कंदील धरून फिरत होते. एकही मेंढरू आजारी पडलं नाही. पण त्या दोन म्हाताऱ्यांची मैत्री त्या फिरण्यात पक्की झाली असं मला वाटतं.

सांगलीला परतताना मी दोन गोष्टी नेल्या: पोत्यातली थोडी लोकर, आणि पोत्याबाहेर ठेवलेली, त्याच कातरणीतली स्वच्छ लोकर. शनिवारच्या बैठकीत मी दोन नळ्या धरल्या, एक निळी, एक कोरी. वरच्या आणि खालच्या मजल्यावरची सगळी मुलं खुर्च्यांच्या कडेला आली होती. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून तो जंतू का मेले ते सांगत होता, मेंढरांच्या आवाजात. नियमाप्रमाणे जंतूंबद्दल मी बोलायला हवं होतं, पण मॅडमनी त्या दिवशी नियम मोडू दिला.

स्वच्छ लोकरीवर त्याचे जंतू पुन्हा वाढले. पाऊस लागला तसा तो परत आला. त्याच्या भावानं काठी टेकत कळप ताब्यात घेतला होता. पुढं आम्ही द्राक्षबागांच्या कोपऱ्यात लोकरीच्या उशा टांगून बघितल्या. तांबं अडलं. पण भरलेली लोकर बदलायची कुणी आणि टाकायची कुठं, हा प्रश्न आमच्याच्यानं सुटला नाही. प्रबंधाच्या शेवटी आम्ही तसं स्पष्ट लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "न सुटलेलं नीट मांडलंत, पुढच्याला बरं पडेल." आमच्यानंतरच्या जोडीनं तोच प्रश्न घेतला. त्यातली एक मुलगी मातीचं शास्त्र शिकून आलेली होती.

त्याच्या तोंडी परीक्षेला दोन्ही वडील एकाच एसटीनं आले. आबा सुटाबुटात, त्याचे वडील धुतलेल्या पटक्यात, दोघं शेवटच्या रांगेत. बाहेरगावच्या परीक्षकांनी तासभर इंग्रजीत धारेवर धरलं. शेवटी सरांच्या आग्रहावरून त्यानं आपलं काम मराठीत सांगितलं, घरच्यांसाठी. चहाच्या वेळी मी म्हाताऱ्यांना विचारलं, "मामा, कळलं का?"

"न्हाई कळलं समदं," ते म्हणाले. "पर पोरगं कुठं आडलं न्हाई. त्ये बघत हुतो."

आता मी पाटणला शिकवते. पावसाळ्यात इथं वर्गाच्या भिंतींना ओल येते आणि तराजूचे आकडे डळमळतात. तो मिरजेच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू ओळखतो. आबांनी नंतर कितीतरी वर्षं तोच कळप आमच्या रानात बसवला. मग मामा थकले, भावाचा पाय थंडीत ठणकू लागला, आणि मागच्या वर्षी त्यांनी मेंढरं विकली. शिमग्याला मी घरी गेले तर रान मोकळं होतं. आबा बाभळीखाली बसायला जातात, तसेच उठून येतात. फोन मात्र करतात मामांना. दोघंही कानानं अधू, त्यामुळं सगळ्या वस्तीला ऐकू जातं.

गेल्या महिन्यात कामानिमित्त मिरजेला गेले होते. त्याच्या प्रयोगशाळेत डोकावले. तो हातमोजे घालून प्लेटांसमोर बसला होता. शेजारी एक नवीन मुलगी काम शिकत होती, रसायनशास्त्राची पदवीधर. तिच्या प्लेटवर काळी बुरशी उगवली होती आणि ती रडवेली झाली होती. त्यानं प्लेट उजेडात धरली. मी दारातच उभी राहिले, कारण तो काय बोलणार ते मला ऐकायचं होतं.

"घाबरू नकोस," तो दाराकडे बोट करत तिला म्हणाला. "हिला विचार. हिच्या हाताखाली कितीतरी उगवलीय."

मग त्यानं मला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. मी कोपरापर्यंत बाह्या सारल्या, त्या मुलीच्या शेजारी बसले आणि तिला तार कशी निववायची ते दाखवू लागले.